वय काय लिहू?

गेल्या पंधरा ऑगस्टला गावच्या शाळेत माजी सैनिकांच्या घरच्यांचा सत्कार होता. पाऊस होताच. शाळेच्या पडवीपुढे निळी ताडपत्री ताणली होती आणि तिच्या पोटात साठलेलं पाणी एक पोरगा मधूनमधून काठीने ढोसून पलीकडे ओतत होता. पाणी धबकन पडलं की माईकवरचे गुरुजी थांबायचे, हसायचे आणि पुन्हा सुरू व्हायचे. आमच्या घरातर्फे आबांच्या नावाची शाल नि नारळ घ्यायला मी आणि नववीतला पुतण्या गेलो होतो. आबांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण गावात अजून त्यांच्याच नावाने आमचं घर ओळखतात. आमची पाळी आली तसा गुरुजींनी आवाज चढवला. "अवघ्या चौदाव्या वर्षी! आज ज्या वयात आपली मुलं मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात, त्या वयात आबा इटलीच्या रणभूमीवर बंदूक घेऊन उभे होते!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढे ओल्या गणवेशात मांडी घालून बसलेल्या आठवी-नववीच्या पोरांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. शाल खांद्यावर पडली, फोटो निघाला, नारळ पिशवीत गेला. घाटी चढून घराकडे येताना पुतण्या बराच वेळ गप्प होता. बांधावर पाय घसरला तसा सावरत म्हणाला, "आत्या, त्यांना घरातून सोडलं कसं?"

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. तेव्हाचे दिवस वेगळे होते, वगैरे. ते कुणालाही सांगता येतं.

आबा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, सतरा वर्षं पलटणीत काढून पेन्शनीत आले आणि मग कायमचे आमच्यातच राहिले. आमच्या घराचा पुढचा भाग जांभ्याचा आहे, तो त्यांच्या पेन्शनीतून. माझ्या वडिलांची शिक्षणं, नंतर माझी वकिलीची फी, हे सगळं त्या पेन्शनीच्या आसपासच कुठेतरी उभं आहे. आता थोडा वकिली किस काढते. आबा चौदाव्या वर्षी इटलीत नव्हते. 1942 च्या पावसाळ्यानंतर ते भरती झाले तेव्हा चौदा पुरे होते, इटलीला पोचले तेव्हा सोळा. आणि पहिलं वर्षभर त्यांच्या हातात बंदूक नव्हतीच, देगच्या होत्या. बेळगावच्या सेंटरात त्यांना लंगरला लावलं होतं. कांदे सोलणं, लाकडं फोडणं, पहाटे चारला चहाचं आधण ठेवणं. हे ते स्वतःच सांगायचे आणि सांगताना हसायचे. त्यांच्या सगळ्या गोष्टी हसण्याच्याच असायच्या. बर्फ पहिल्यांदा बघितल्यावर कुणी मीठ सांडलं म्हणून शिव्या दिल्या ती गोष्ट, बसकण मारलेल्या खेचराची गोष्ट, एका इटालियन म्हातारीने भाजलेली चेस्टनट दिली आणि यांना वाटलं फणसाच्या आठळ्या, ती गोष्ट. पण रात्री माडाची झावळ पडली की आबा उठून बसत. आमच्या परसात माड दहा-बारा, झावळ पडते कधी ना कधी. वाळलेली झावळ वरून सुटते तेव्हा आधी सरसर आवाज येतो आणि मग दाणकन आपटते. आम्ही पोरं कूस बदलून झोपायचो. आबा मात्र अंथरुणावर नसायचे. ओटीच्या पायरीवर विडीचा लाल ठिपका दिसायचा. ओल्या लोकरीचा वास त्यांना सहन व्हायचा नाही. पावसात भिजलेली घोंगडी कुणी ओटीवर वाळत टाकली तर एरवी गरीब असलेला हा माणूस ती उचलून अंगणात भिरकावून द्यायचा. का, ते कुणी विचारलं नाही.

त्यांना सोडलं कसं, याची गोष्ट घरात आहे, फक्त ती सत्काराच्या कार्यक्रमात सांगण्यासारखी नाही. कोकणात तेव्हा पिकणारा तांदूळ वर्षभर कधीच पुरत नसे. वरचा तांदूळ रंगूनहून यायचा. 1942 मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि रंगुनी तांदूळ बंद झाला. नाचणी संपली, वरी संपली, मुंबईच्या गिरणीतल्या चुलत्याची मनीऑर्डर कधी यायची, कधी नाही. अशात एक पेन्शनर हवालदार गावोगाव फिरत आमच्या वाडीत आला. पणजोबांच्या चार मुलांतला थोरला नांगराला हवा होता, खालचे दोघे अगदीच बारके. उरले आबा, त्यातल्या त्यात उंच. हवालदाराने छाती मोजली, उंची काठीने मोजली, बैलाचे दात बघावेत तसं तोंड उघडायला लावलं. मग वही काढून पणजोबांना विचारलं, "वय काय लिहू?" पणजोबा म्हणाले, "तुमास ठावं, काय लिवायचा ता लिवा." हवालदाराने अठरा लिहिलं. एवढीच गोष्ट. पुढे कुंभार्ली घाटातून कराड, तिथून रेल्वेने मिरज-बेळगाव. पहिल्या मनीऑर्डरचे तांदूळ घरात आले त्या दिवशी पणजीने चूल पेटवली नाही, असं माझी आजी सांगायची. दुसऱ्या दिवशी पेटवली. घरात आणखी पोरं होती.

हे सगळं मला लहानपणापासून पाठ आहे. पण पुतण्याच्या प्रश्नानंतर मला त्यातला हवालदारच जास्त दिसायला लागला. त्याची वही. त्याने वर एकदा बघून खाली लिहिलेला आकडा.

वय हा माझ्या धंद्यातला रोजचा मामला आहे. पोरगा अठराच्या आत की बाहेर यावर त्याचा खटला कुठे चालणार हे ठरतं, आणि बाल न्याय कायद्याच्या कलम 94 ने त्याची उतरंड घालून दिली आहे. पहिला मान शाळेच्या दाखल्याचा. तो नसेल तर ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या जन्मनोंदीचा. तीही नसेल तर हाडांची तपासणी. म्हणजे डॉक्टरपेक्षा गुरुजी मोठे. आणि गुरुजींनी काय करून ठेवलंय ते महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. आमच्या घरात एक जूनला माझे वडील, दोन काका आणि एक आत्या अशा चौघांचा वाढदिवस असतो. फेसबुक उघडलं तर अर्ध्या तालुक्याचा. शाळेत नाव घालताना गुरुजी विचारणार, पोर कधीचं? आजी सांगणार, लावणीच्या आधी, तांबू गाय व्याली त्या साली. गुरुजी बिचारे टाक बुडवून एक जून लिहिणार, म्हणजे शाळा सुरू होताना हिशेबाला बरं. हाडांचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने 1982 सालीच सांगून ठेवलंय की क्ष-किरणावरून काढलेलं वय दोन वर्षं इकडे किंवा दोन वर्षं तिकडे होऊ शकतं. सोळाचा अठरा आणि अठराचा सोळा, दोन्ही त्यात बसतात. या असल्या कागदांवर आम्ही पोरांचे जन्म ठरवतो आणि रात्री झोपतोही.

युद्धाच्या कायद्याचं घोडंही नेमकं इथेच अडतं. आबा भरती झाले तेव्हा सैनिकाचं वय किती असावं यावर आंतरराष्ट्रीय कायद्यात एक ओळ नव्हती. 1949 च्या जिनिव्हा करारांत मुलांची काळजी आहे, अन्न, आसरा, अनाथांचा सांभाळ, पण मूल बंदूक घेऊन पलीकडे उभं असेल तर काय, याचा विचार नाही. तो आला 1977 च्या दोन जोड-करारांत: पंधरा वर्षांखालच्या मुलांना सैन्यात घ्यायचं नाही, लढाईत उतरवायचं नाही. तेव्हा आबा पन्नाशीला टेकले होते आणि आमच्या खळ्यात भात झोडत होते. 1989 च्या बालहक्क करारात सगळीकडे मूल म्हणजे अठराच्या आतलं. एका कलमाचा अपवाद, 38 वं, युद्धाचं. तिथे पुन्हा पंधरा. शाळेसाठी, दत्तकासाठी, कारखान्यासाठी मूल असलेला सोळा वर्षांचा पोरगा खंदकापाशी आला की मोठा होतो. ही खोट जगाला खुपली नाही असं नाही. मोझांबिकच्या ग्रासा माशेल यांनी 1996 मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे अहवाल ठेवला, मग खूप घासाघीस झाली आणि 2000 साली वेगळा ऐच्छिक करार झाला. तो 12 फेब्रुवारी 2002 पासून लागू आहे. त्यात अठराची रेघ ओढली, पण सरळ नाही ओढली. सशस्त्र टोळ्यांनी अठराच्या आतल्या कुणालाही, कोणत्याही परिस्थितीत घ्यायचं नाही. सरकारांनी सक्तीने घ्यायचं नाही, प्रत्यक्ष लढाईत उतरवू नये यासाठी शक्य ते सगळं करायचं; मात्र पोरगा आपखुशीने आला, घरच्यांनी माहिती घेऊन संमती दिली, वयाचा भरवशाचा पुरावा दिला, तर सोळापासून चालेल. ब्रिटन आजही सोळाव्या वर्षी घेतं. आपण 2005 मध्ये सही पक्की करताना लिहून दिलं की आमच्याकडे भरतीचं किमान वय साडेसोळा, पण अठरा झाल्याशिवाय प्रत्यक्ष मोहिमेच्या भागात पाठवत नाही. करार लिहिणारे शेवटी सरकारांचेच प्रतिनिधी. वाटणी करणाऱ्याने आपल्या पानात जरा जास्त वाढून घ्यावं, यात नवल नाही.

आपखुशी आणि घरच्यांची संमती. "तुमास ठावं, काय लिवायचा ता लिवा." ही संमतीच होती ना? माहितीपूर्वक होती का, कुणास ठाऊक. पणजोबांना इटली म्हणजे काय ते मरेपर्यंत कळलं नाही. दाभोळच्या पलीकडे असेल, असं ते म्हणायचे.

थॉमस लुबांगाचा खटला मी पहिल्यांदा वाचला तो कामासाठी नव्हे, एका पावसाळी सुट्टीत, वीज गेलेली असताना मोबाईलवर. काँगोच्या इतुरी भागातला हा बंडखोर नेता. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने पहिला दोषी ठरवलेला माणूस तो, आणि आरोप एवढाच की पंधरा वर्षांखालची पोरं भरती केली आणि लढाईत वापरली. हे न्यायालय उभं करणाऱ्या रोम करारात, म्हणजे 1998 मध्ये, हा थेट युद्धगुन्हा ठरला होता. (भारत त्या करारात नाही, हेही जाता जाता.) खटला जानेवारी 2009 मध्ये उभा राहिला. पहिलाच साक्षीदार एक तरुण पोरगा. शाळेतून घरी जाताना आपल्याला धरून नेलं असं तो म्हणाला, आणि त्याच दिवशी थोड्या वेळाने म्हणाला, हे खरं नाही, मला असं सांगायला शिकवलं. काही दिवसांनी तो परत येऊन पुन्हा बोलला. पुढे कळलं की पोरांना शोधून आणणाऱ्या मध्यस्थांनी साक्षींत बराच हात घातला होता, आणि 2012 च्या निकालात न्यायाधीशांनी त्या पोरांपैकी बहुतेकांच्या साक्षी बाजूला ठेवल्या. मनगटांचे नि दातांचे क्ष-किरण होते, त्यांवर भार टाकता येईना. शाळांची दप्तरं होती, तीही आमच्या एक जूनसारखीच. मग दोषी कशावरून ठरवलं? मोठा आधार चित्रफितींचा होता. त्यांतली एक 12 फेब्रुवारी 2003 ची, र्वाम्पारा नावाच्या प्रशिक्षण तळावरची. लुबांगा पोरांपुढे भाषण करतोय. ऐच्छिक कराराला त्या दिवशी बरोब्बर एक वर्ष झालं होतं, अर्थात त्या तळावर ते कुणाला माहीत असणार. न्यायाधीशांनी म्हटलं, यांतली काही पोरं पंधराच्या आतली आहेत हे नुसत्या डोळ्यांना दिसतं. पंधराच्या सीमेवरच्यांचा संशयाचा फायदा आरोपीला, पण जी उघड उघड लहान दिसतात ती लहान आहेत. लुबांगाला चौदा वर्षांची शिक्षा झाली. ती भोगून तो 2020 मध्ये सुटला.

मला त्या निकालातला 'डोळ्यांना दिसतं' हा भाग फार आवडतो. कागदांचा एवढा डोंगर उपसून कायदा शेवटी तिथे आला जिथे माझी पणजी पहिल्या दिवसापासून उभी होती. या गुन्ह्याचे घटक लिहिताना एक अट घातली आहे: पोर पंधराच्या आतलं आहे हे आरोपीला माहीत होतं, किंवा माहीत असायला हवं होतं. म्हणजे वहीत अठरा लिहिलंय, मी काय करू, असं म्हणून हात झटकता येत नाहीत. वर बघून खाली लिहिणाऱ्याची ती जबाबदारी. त्याच निकालात दुसरंही आहे: पोरगा स्वतःहून आला असेल, तरी तो बचाव होत नाही. पंधराच्या आतल्या मुलाची अशी संमती कायदा मोजतच नाही. इतुरीतली किती पोरं जेवणासाठी, किती सूड म्हणून, किती मित्र गेला म्हणून गेली असतील. भूक हा भरती करणारा हवालदार सगळीकडे फिरतो आणि त्याला कुठल्याच न्यायालयात उभं करता येत नाही.

मग आमचा हवालदार? मी मनातल्या मनात त्याच्यावर खटला भरून बघितला. 1942 ला गुन्हाच नव्हता, तेव्हा पहिल्याच तारखेला निकालात निघतो. तरी समजा चालवला. सरकारपक्षातर्फे मी उभी राहिले, तर बचावाचा पहिला साक्षीदार म्हणून माझ्याच घराची जांभ्याची भिंत येईल. दुसरी माझी सनद. आबांना विचारलं असतं तर ते नक्की बचावाच्या बाजूने बोलले असते. त्या हवालदाराचं नाव ते आदराने घ्यायचे. सुट्टीवर आले की त्याच्या घरी रमची बाटली पोचवायचे. "त्याने नेलान म्हणून वाचलो," असं म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. खालच्या दोन भावांपैकी एक पुढच्याच पावसाळ्यात हगवणीने गेला. घरात खाणारं तोंड कमी झालं आणि दरमहा पैसे यायला लागले म्हणून उरलेले जगले. त्यांतल्याच एकाची मी नात. टाळ्या वाजवू नका असं मी कुणाला कोणत्या तोंडाने सांगू? आणि आठवीतल्या पोरांना टाळ्या वाजवायला लावू नका, हे तरी का सांगू नये?

टाळ्यांची गंमत अशी की त्या नेहमी बंदुकीला पडतात. जटलंडच्या आरमारी लढाईत, 1916 मध्ये, जॅक कॉर्नवेल नावाचा सोळा वर्षांचा इंग्रज पोरगा जबर जखमी होऊनही तोफेपाशी उभा राहिला आणि दोन दिवसांनी दवाखान्यात मेला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि शाळाशाळांतून त्याचं चित्र लागलं. आपल्याकडे माणगावला यशवंत घाडग्यांचा पुतळा आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचे, इटलीत जुलै 1944 मध्ये बाविसाव्या वर्षी गेले. तिथे मान झुकते, झुकायलाच हवी. पण कांदे सोलणाऱ्या चौदा वर्षांच्या पोराला कोण टाळ्या वाजवणार? म्हणून गुरुजींनी त्याच्या हातात बंदूक दिली. पॅरिसमध्ये 2007 साली युद्धात ओढलेल्या मुलांसाठी जी तत्त्वं ठरली त्यांनी नेमकं उलट केलं. फौजेच्या किंवा टोळीच्या पदरी असलेलं अठराच्या आतलं कुठलंही मूल त्यांनी आपल्या यादीत धरलं, स्वयंपाकाला असो, ओझी वाहायला, निरोप पोचवायला, हेरगिरीला, आणि ज्या मुलींना शरीरासाठी ठेवून घेतलं त्याही. कारण अनुभव असा होता की युद्ध संपल्यावर 'बंदूक जमा करा आणि मदत घ्या' अशी योजना आली, की बंदूक नसलेली पोरं, विशेषतः पोरी, रांगेच्या बाहेर राहायच्या. त्या कुठल्याच यादीत नव्हत्या. लंगरातले आबा पॅरिसच्या यादीत बसतात. गुरुजींच्या बसत नाहीत.

आणि यादी अजून वाढतेच आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2023 या एका वर्षात खातरजमा करून नोंदवलेली मुलांच्या भरतीची प्रकरणं 8,655 होती. खातरजमा करता आली नाही ती यात नाहीत. आपल्याकडे छत्तीसगड-झारखंडच्या जंगलांतले नक्षल्यांचे बाल संघम, म्हणजे मुलांचे गट, संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत येऊन गेलेत, आणि बाल न्याय कायद्यात 2015 पासून कलम 83 आहे: अशा गटाने मुलाला कुठल्याही कामासाठी घेतलं तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड. कुठल्याही कामासाठी. इथे आपला कायदा पॅरिसच्या बरोबरीने चालतो, हे कबूल करायला हवं.

युगांडाच्या डॉमिनिक ओंगवेनचं प्रकरण मात्र मला अजून पचलेलं नाही. लहानपणी शाळेच्या वाटेवर लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर टोळीने त्याला पळवलं, तिथेच तो वाढला, ब्रिगेडचा कमांडर झाला आणि मग स्वतः पोरं पळवू लागला. हेगच्या कायद्याप्रमाणे गुन्ह्याच्या वेळी जो अठराच्या आत आहे त्याच्यावर तिथे खटलाच चालत नाही; मोजले गेले ते 2002 ते 2005 मधले, तो मोठा झाल्यावरचे गुन्हे. 61 आरोपांत दोषी. 2021 मध्ये पंचवीस वर्षं. त्याचं बालपण कसं हिरावलं गेलं हे न्यायाधीशांनी नोंदवलं, त्यापोटी शिक्षा कमी ठेवली, पण सुटका नाही. गावं जाळली, बायका वाटून घेतल्या; सुटका व्हावी असं मलाही वाटत नाही. पण रेघेच्या अलीकडे जो सर्वस्व गेलेला पोरगा आहे तोच पलीकडे पूर्ण जबाबदार माणूस, आणि मध्ये एक वाढदिवस, ज्याची तारीख बहुधा त्याला स्वतःलाही नक्की माहीत नसेल. रेघ कुठेतरी ओढावीच लागते, हे मी न्यायालयात रोज म्हणते.

आता बंदरावरची गोष्ट, कारण ती अजून चालू आहे. रत्नागिरीच्या ट्रॉलरांवर नेपाळी खलाशी असतात हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. एक जूनला मासेमारी बंदी लागली की ते गावी जातात आणि ऑगस्टात येताना कुणाचा भाऊ, कुणाचा भाचा बरोबर असतो. यंदा सीझन सुरू झाल्यावर असाच एक पोरगा, विंचच्या दोरात हात अडकून, बोटीवरून थेट दवाखान्यात आला. डॉक्टरांना शंका आली, बालकल्याण समितीला कळवलं गेलं, आणि विधी सेवेतर्फे मला बोलावणं आलं. डिझेल, बर्फ आणि सुक्या कोळंबीचा वास त्याच्या केसांतून अजून गेला नव्हता. मालकाच्या नोंदवहीत वय 19. जन्मदाखला नाही, शाळेचा दाखला डोंगरात कुठेतरी. डॉक्टरांनी प्लेट उजेडाला धरून दाखवली. हाड मोडलं होतं ते बोटाचं, पण त्यांनी पेनाचं टोक ठेवलं मनगटावर. तिथे हाडाच्या टोकाशी एक बारीक काळी फट होती. "हे अजून सांधलेलं नाही," ते म्हणाले. "पण यावरून मी तुम्हाला तारीख देऊ शकत नाही."

मी त्यालाच विचारलं. जन्म कधीचा, असं नाही विचारलं, त्याचा उपयोग नसतो. शाळेत कितवीत होतास तेव्हा काय मोठं झालं होतं, असं. तो चटकन म्हणाला, "भूकंप आया तब दूसरी में था." नेपाळचा भूकंप एप्रिल 2015 चा. दुसरीत म्हणजे सात, फार तर आठ. आमच्याकडची पोरं निसर्ग वादळावरून सांगतात, त्याआधीची 26 जुलैच्या पुरावरून. मी कागदावर हिशेब मांडला. सतरा, ओढूनताणून अठराला टेकलेला.

या पोराचा नि इतुरीतल्या पोरांचा संबंध मी ओढूनताणून लावत नाहीये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1999 चा 182 क्रमांकाचा करार आहे, आपण तो 2017 मध्ये मान्य केला. बालमजुरीचे सगळ्यांत वाईट प्रकार त्यात सांगितलेत, आणि युद्धासाठी सक्तीने भरती केलेली मुलं आणि जिवाला अपाय होईल अशा कामावरची मुलं एकाच कलमात, चार ओळींच्या अंतराने बसलेली आहेत. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, बाहेर बाकड्यावर होता. भला माणूस, पोराला खांद्यावर टाकून त्यानेच आणलं होतं. मला बघून उठला. "वकीलबाय, मी काय त्याला पळवून आणलेला नाय. सवताच्या पायांनी आला. आईस त्याच्या दर महिन्याला पैसे जातात, फोन लावून देऊ?" मी म्हटलं, द्या. त्याने खरंच लावला. पलीकडून एका बाईचा आवाज आला, नेपाळीत, मला समजला नाही. पोरगा तिच्याशी बोलताना पट्टी बांधलेला हात पाठीमागे धरून होता, जसा काही तिला दिसणार होता.

फोन ठेवल्यावर मी त्याला समजावून सांगितलं, बालगृह, समिती, गावी परत पाठवणं, सगळं. त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दीदी, चार महीने का पगार बाकी है. वो मिलेगा ना?" त्यातले दोन मागच्या सीझनचे होते. अर्ज टाइप करून झाला होता. तो पुन्हा उघडला आणि शेवटच्या परिच्छेदाआधी थकीत पगाराचा एक परिच्छेद घातला. आकडा त्याने सांगितला तोच लिहिला. मालकाने त्याला हरकत घेतली आहे, वयाला अजून नाही.